विम्याच्या करारात शेतकरी कुठे आहे?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



दुष्काळ-गारपिटीचा बोजा सरकार आणि कंपन्या मिळून उचलतील, या बोलीवर २०१६ च्या खरिपात पंतप्रधान पीक विमा योजना आली. ज्वारीला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के आपण भरायचे, कपाशीला ५ टक्के. बाकी हप्ता केंद्र आणि राज्य कंपनीला देणार. महाराष्ट्रात २०२३ मध्ये आपला हिस्सा १ रुपयावर आला, २०२५ मध्ये ते बंद झालं. त्या रुपयावर आपण खूष होतो. पण हप्ता काही रुपयाचा नव्हता. तो तिजोरीतून जात होता, आणि तिजोरीत खताच्या पोत्यावर आपण भरलेला करही असतो.

बीडमध्ये कंपन्या पुढे येईनात. नुकसान दिसतं तिथं धंदेवाला कशाला येईल? त्याला मी दोष देत नाही. मग २०२० मध्ये नवा करार झाला. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली, तर वरचं राज्य सरकार भरणार. भरपाई कमी निघाली, तर कंपनी २० टक्क्यांपर्यंत ठेवून उरलेलं सरकारला परत देणार. हाच नमुना पुढे राज्यभर आला. कंपनी बुडत नाही, सरकारचा पैसा परत येतो. दोघांची सोय झाली!

आपली सोय ठरते मोजमापावर. पूर्वी ७२ तासांत कळवलं की आपल्या एकट्याच्या शेतातल्या गारपिटीचीही पाहणी व्हायची. २०२५ च्या खरिपापासून राज्यानं ते काढलं. आता मोठी भिस्त महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर.

हिशेब पाहा. सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी समजा हेक्टरी १० क्विंटल ज्वारी. तिच्या ७० टक्के, म्हणजे ७ क्विंटल हे उंबरठा उत्पन्न. मंडळाचं उत्पन्न साडेसहा निघालं, तर तूट अर्ध्या क्विंटलची. विमा रकमेच्या ७ टक्के हाती येतील, मग तुमच्या रानात एकच क्विंटल का पिकली असेना. मंडळाचं ७ च्या वर निघालं तर काहीच नाही. आणि सातांत तीन-चार वर्षं कोरडी गेली की उंबरठाच खाली येतो. ज्याला दुष्काळ जास्त, त्याचा विमा कमी!

म्हणून मागणी दोन गोष्टींची. उंबरठा मंडळाऐवजी गावाचा धरा. आणि कापणी प्रयोगाचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा.

तोवर आपलं काम आपण करू. प्रयोगाचं शेत कुठलं, तारीख कोणती, हे कृषी सहाय्यकाला आधीच विचारा. कंपनीचा माणूस तिथं उभा राहतो, आपले चौघेही उभे राहोत. कपाशीच्या दर वेचणीचं वजन वहीत उतरवा, वहीवर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. वेचणी संपली की वह्या तालुक्याच्या बैठकीला घेऊन या.