अपत्यवियोग आणि रजेचा हक्क

म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुका व्हर्जिनिया तंबाखूसाठी ओळखला जातो. हंगामात हिरवी पाने काठ्यांना बांधून भट्टीत चढवली जातात. पाने बांधण्याचे काम बहुतांशी रोजंदारीवरील स्त्रिया करतात. पश्चिमेला लागूनच कोडगू जिल्ह्यातील कॉफीचे मळे आहेत. मळ्यातील आणि तंबाखूच्या शेतातील अशा दोन मजूर मातांची मुले दगावली, तर दुःख सारखेच. हक्क मात्र सारखे नाहीत.

प्रसूती लाभ कायदा, 1961 हा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाला. कॉफीची मोठी लागवड कायद्याच्या भाषेत 'मळा' ठरते, तंबाखूचे शेत ठरत नाही. गर्भधारणेच्या 26 व्या आठवड्यापर्यंत गर्भपात झाल्यास या कायद्याने सहा आठवड्यांची सवेतन रजा दिली. त्यानंतर मूल मृतावस्थेत जन्मले, तर तो गर्भपात नसून प्रसूती होय. कारण 'मूल' या संज्ञेत मृतजात अपत्यही येते. म्हणून अशा मातेस प्रसूतीची पूर्ण रजा मिळते. 2017 च्या दुरुस्तीनंतर ती 26 आठवडे झाली (दोन किंवा अधिक हयात अपत्ये असल्यास 12 आठवडे). अभ्यासकाच्या नजरेतून हा फरक सहज निसटतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली असून गर्भपातानंतरची सहा आठवड्यांची रजा तीत कायम आहे.

केंद्र सरकारच्या 2 सप्टेंबर 2022 च्या आदेशान्वये, मूल मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर 28 दिवसांत दगावल्यास महिला कर्मचाऱ्यास 60 दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. त्यासाठी हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावी लागतात. पित्याचा या आदेशात विचार नाही. ब्रिटनने 2018 च्या कायद्यान्वये एप्रिल 2020 पासून 18 वर्षांखालील अपत्य गमावलेल्या आई व वडील, दोघा कर्मचाऱ्यांना दोन आठवड्यांची रजा दिली. आपल्याकडील तरतुदी गर्भपात, मृतजन्म आणि जन्मानंतर लगेच होणारा मृत्यू यांपुरत्याच आहेत. चार वर्षांचे मूल गेले, तर त्या लागूच होत नाहीत.

तंबाखूच्या शेतातील मजूर स्त्रीला तर कायम मालकच नसतो. रजा मागायची कोणाकडे? 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे मत मांडले होते. 1929 चा कायदा झाला. भार मात्र मालकावरच राहिला. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये मिळतात. गर्भपात झाल्यास वा मूल मृत जन्मल्यास ती स्त्री पुढील गर्भारपणात पुन्हा नव्याने पात्र ठरते. मधल्या काळात बुडालेल्या रोजंदारीची भरपाई मात्र या योजनेत नाही आणि पाने भट्टीत चढवण्याचा हंगाम तिच्यासाठी थांबत नाही.