बिऱ्हाड जपानात मांडताना
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांचा इतिहास हा एका अर्थी बदल्यांचा इतिहास आहे. रेल्वे, टपाल, सैन्य, बँका, कारखाने यांतील नोकरीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे परप्रांतात आली, त्यांनी बिऱ्हाडे मांडली आणि मुलांच्या तोंडची भाषा टिकावी म्हणून शाळांना आधार दिला. त्या कुटुंबांची नातवंडे आता कंपनीच्या कामासाठी देशाबाहेर जात आहेत. अंतर वाढले, पण प्रश्न पुष्कळसा तोच राहिला: नोकरी एकाची असते, आणि रुजायचे असते सगळ्या घराला. या प्रश्नाचा विचार जपानच्या उदाहरणावरून करणे उपयुक्त ठरेल.

टोकियोच्या पूर्वेस एदोगावा प्रभागात निशी-कासाई नावाचा भाग आहे. २००० सालच्या सुमारास संगणकांतील ‘वायटूके’ची अडचण दूर करण्यासाठी अनेक भारतीय अभियंते जपानला गेले आणि त्यांच्यापैकी बरेच जण येथे राहू लागले. तोझाई मेट्रो मार्गावरून निहोनबाशी, ओतेमाची या व्यापारी भागांत थेट पोहोचता येई. शिवाय ‘यूआर’ या सार्वजनिक गृहसंस्थेच्या इमारती जवळ होत्या. त्या इमारतींचे महत्त्व जपानी घरभाड्याची रीत कळल्यावरच ध्यानात येते. खासगी घर घेताना अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’, म्हणजे मालकाला कृतज्ञतेपोटी द्यायची आणि कधीही परत न मिळणारी रक्कम, अनेकदा द्यावी लागते. जामीनदारही लागतो. कालच विमानातून उतरलेल्या परक्या माणसाला जामीन कोण राहणार? ‘यूआर’च्या घरांना रेइकिन नाही, जामीनदार नाही आणि दलालीही नाही.

कागदपत्रांचा भाग त्या मानाने सरळ आहे. मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासपत्र हाती पडते. घर ठरल्यावर १४ दिवसांच्या आत प्रभाग कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. आरोग्य विम्यात नाव लागले की सर्वसाधारणपणे उपचाराच्या खर्चापैकी ३० टक्के रक्कम रुग्णाने द्यायची असते. भारत व जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आहे. भारतीय कंपनीने पाठविलेल्या कर्मचाऱ्याने कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र घेतले असेल, तर पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीत जपानी निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी भरावी लागत नाही. हे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मागून घ्यावे. बाकीचे बहुतेक काम कंपनीचा कर्मचारी विभाग करतो.

पण कोणताही विभाग जे करून देत नाही, तेथूनच खरे बिऱ्हाड सुरू होते. केरकचऱ्याचेच पाहावे. जळणारा, न जळणारा आणि पुन्हा वापरात येणारा असे कचऱ्याचे प्रकार आणि त्यांचे वार ठरलेले असतात. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी सूचनेची चिठ्ठी लावून तेथेच सोडली जाते आणि ती साऱ्या इमारतीला दिसते. नव्या घरात गेल्यावर शेजाऱ्यांना रुमाल किंवा मिठाईसारखी लहानशी भेट देऊन नमस्कार करण्याची तेथे जुनी रीत आहे. समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची दोन घरे, असा तिचा परंपरागत हिशेब. शहरांत ती मागे पडत असली, तरी परक्याने ती पाळली की अवघडलेपण निम्मे ओसरते. हा शेजार केवळ शिष्टाचारापुरता नाही. भूकंपाच्या देशात संकटकाळी एकत्र जमण्याची जागा बहुधा जवळची प्राथमिक शाळा असते आणि तेथे पहिला हात शेजाऱ्याचाच मिळतो.

या साऱ्याचा भार मात्र घरात सारखा वाटला जात नाही. नोकरी करणाऱ्याला जाताच कचेरी, सहकारी आणि कामचलाऊ इंग्रजी मिळते. त्याच्यासोबत गेलेल्या जोडीदाराला, आणि ती बहुधा पत्नी असते, दुकानातील पुड्यांवरची अक्षरे, दवाखान्यातील अर्ज आणि मुलाच्या शाळेतून येणाऱ्या सूचना या सर्वांना पहिल्या दिवसापासून तोंड द्यावे लागते. वरवर शाकाहारी दिसणाऱ्या सारातही माशाचा अर्क असतो, हे तिलाच शोधून काढावे लागते. अनेकदा ती येथील चांगली नोकरी सोडून गेलेली असते. अवलंबिताच्या व्हिसावर तिला वेगळी परवानगी काढून आठवड्यास २८ तासांपर्यंतच काम करता येते. पगाराच्या आकड्यात या त्यागाची नोंद नसते. म्हणून नेमणूक स्वीकारण्यापूर्वी घरात विचारायचा पहिला प्रश्न “किती मिळणार?” हा नसून “तिचा दिवस कसा जाणार?” हा असला पाहिजे.

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात भाषेपासून होते, आणि येथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागून लागतात. ‘मी भात खातो’ हाच क्रम ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ या वाक्यात आहे. तू, तुम्ही आणि आपण यांतील अंतर जाणणाऱ्याला जपानी आदरार्थी रूपांचे मर्म लवकर कळते. हिरागाना लिपीची ४६ अक्षरे अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळींनी मांडलेली असतात. बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून हा क्रम आला, असे अभ्यासक मानतात. बाराखडी घोकलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटला नाही तरच नवल. ही अक्षरे निघण्यापूर्वी, पती-पत्नी दोघांनीही शिकून घ्यावीत.

मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. त्यांत घातल्यास परतल्यावर अभ्यासाचा सांधा सहज जुळतो, पण मूल देशात राहूनही देशाबाहेर राहते. सरकारी जपानी शाळेत परदेशी मुलालाही मोफत प्रवेश मिळतो. तेथे मुले स्वतः वर्ग झाडतात, जेवण वाढतात आणि वर्षभरात अस्खलित बोलूही लागतात. परंतु प्राथमिक शाळेतच १०२६ कांजी चिन्हे शिकायची असतात आणि त्या ओझ्याखाली मराठी वाचन सर्वांत आधी सुटते. नेमणूक किती वर्षांची आहे, यावरून निवड करावी. निवड कोणतीही असो, घरची भाषा केवळ बोलण्यापुरती ठेवू नये. जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तेथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा येथे आजी-आजोबांचा चहा चालू असतो. त्या वेळी त्यांना मराठीत लिहिलेल्या चार ओळी नातवाने वाचून दाखवाव्यात. चार वर्षांनी परत येणाऱ्या मुलाला घर परके वाटू नये, याची तजवीज रोजच्या या दहा मिनिटांत होते.

आपल्या माणसांचा सहवास हवाच. टोकियोतही मराठी मंडळी गणेशोत्सवाला एकत्र येतात आणि नवख्याला पहिला आधार बहुधा तेथेच मिळतो. पण तेवढ्याच वर्तुळात राहिलेले कुटुंब जपानात राहिले असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. प्रत्येकाने निवडणूक लढवावी असे नाही. पण परकी भूमीही आपल्याला आपले मानू शकते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

घरात मराठी, अंगणात दुसरी भाषा आणि कोणतीच उणी मानायची नाही, हा धडा या शाळेने ६० वर्षे दिला. परदेशी निघालेल्या माजी विद्यार्थ्याच्या सामानात यापेक्षा उपयोगी वस्तू दुसरी नसेल.