शिरगणती आणि शीव : भोपाळ जिल्ह्याविषयी काही विचार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी भूगोल शिकवीत. फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढताना ते आधी नद्या काढीत, मग तलाव, मग गावे आणि सीमारेषा सर्वांत शेवटी. माझे आयुष्य मराठी भाषा-साहित्याच्या अध्यापनात गेले. तेव्हा जिल्हा, तहसील, लोकसंख्या यांविषयी बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु हे शब्द माझ्या प्रांतातले आहेत, आणि शब्दांचा हात धरूनच मी या विषयात शिरणार आहे.

आजच्या भोपाळ जिल्ह्याचा जन्म २ ऑक्टोबर १९७२ चा. मध्यप्रदेशाची स्थापना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली आणि त्याच दिवशी भोपाळ राजधानी झाले. म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे आपण एका विचित्र अवस्थेत काढली. राज्याचे सचिवालय येथे, विधानसभा येथे आणि जिल्हा मात्र सीहोर! त्याचे कारण इतिहासात आहे. नबाबी अमलात संस्थानाच्या निजामती असत. पूर्वेची ती मश्रिक, पश्चिमेची ती मग़रिब, आणि तेथील अधिकारी तो नाझिम. १ जून १९४९ रोजी संस्थानाचा कारभार केंद्राने हाती घेतला, त्यानंतर सीहोर आणि रायसेन असे दोन जिल्हे राहिले. सीहोर ही इंग्रजांच्या एजंटाची छावणी. तेथे कचेऱ्या आयत्या होत्या. भोपाळ शहर ज्या तहसिलीत मोडत असे, तिचे नाव हुजूर. आजही तिचे नाव तेच आहे.

या 'हुजूर' शब्दापाशी थोडे थांबू. अरबीत त्याचा अर्थ उपस्थिती. शाळेतली आपली 'हजेरी' आणि 'हजर' हे त्याचेच सख्खे नातेवाईक. जी तहसील प्रत्यक्ष राजाच्या सन्निध ती तहसील हुजूर. रीवा येथेही हुजूर तहसील आहे, कारण तेही राजधानीचे गाव. पेशव्यांच्या पुण्यात 'हुजूर दफ्तर' होते, ते याच अर्थाने. 'तहसील' म्हणजे गोळा करणे. 'महसूल' आणि 'हाशील' त्याच धातूपासून आले. 'तालुका' म्हणजे संबंध, ताबा. 'जिल्हा' या शब्दाचा मूळ अर्थ बरगडी, कूस, बाजू असा आहे. महाराष्ट्रात तालुका म्हणावयाचे आणि अधिकाऱ्याला तहसीलदार; येथे क्षेत्रही तहसीलच. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी तहसील आणि जिल्हा हलले नाहीत. वसुलीशी जोडलेले शब्द फार चिवट असतात, एवढेच मी त्यातून समजलो.

जिल्ह्याची दुसरी जुनी तहसील बैरसिया. मराठी माणसाने तिचा इतिहास अवश्य वाचावा. हा परगणा धारच्या पवारांचा. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो धारकडून काढून घेतला आणि १८६० साली उठावात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या सिकंदर बेगमेस बक्षीस म्हणून दिला. म्हणजे आज जी आपण निव्वळ प्रशासकीय सीमा समजतो, ती एका राजनिष्ठेची किंमत म्हणून आखली गेली. बाजीरावांनी निजामास भोपाळपाशी कोंडले ते १७३७ च्या डिसेंबरात, आणि दोराह्याचा तह झाला ७ जानेवारी १७३८ रोजी. ते मराठी मुलास पाठ असते. बैरसियाची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही, कारण तीत लढाई नाही, केवळ एक सनद आहे.

आता माणसांकडे वळू. १९५१ साली भोपाळ शहराची वस्ती सुमारे एक लाख होती. १९८१ साली ती ६,७१,०१८ झाली, १९९१ साली १०,६२,७७१, आणि २०११ साली महापालिका क्षेत्रात १७,९८,२१८. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये २३,७१,०६१ होती, क्षेत्रफळ २,७७२ चौरस किलोमीटर. पाचांपैकी चार जण शहरवासी. विकासखंड दोनच, फंदा आणि बैरसिया. विधानसभेचे मतदारसंघ सात, आणि त्यांपैकी बैरसिया सोडला तर सारे शहराच्या पोटात किंवा त्याच्या कुशीत. अलीकडे कोलार ही तिसरी तहसील झाली, तीही शहर त्या दिशेने पसरले म्हणून. भोपाळ संभागात पाच जिल्हे आहेत, ते वाचकांनी नकाशावर पाहावेत.

एक लाखाचे अठरा लाख कसे झाले? फाळणीनंतर सिंधी कुटुंबे बैरागढास आली. १९५६ नंतर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा येथून सरकारी नोकर आले. माझे वडील नागपूरच्या सचिवालयातील एक कारकून; त्यांच्या मागोमाग आई आणि आम्ही भावंडे. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला आणि देशभरातून कामगार आले. या वाढीच्या खुणा वस्त्यांच्या नावांत आहेत. जुन्या शहरात मंगळवारा, बुधवारा, जुमेराती, इतवारा. पुण्याच्या पेठा आणि नागपूरची इतवारी आठवणाऱ्या माझ्या आईला त्या पहिल्याच आठवड्यात आपल्याशा वाटल्या. नव्या शहरात मात्र अकराशे क्वार्टर्स, बाराशे पन्नास, चौऱ्याहत्तर बंगले, पाच नंबर, दहा नंबर. घरांची मोजदाद हेच वस्तीचे नाव! सरकारी भूमापकाने कागदावर लिहिलेला आकडा माणसांनी पत्ता म्हणून स्वीकारला. आणि त्याच नव्या शहराच्या मुख्य भागाला नाव मिळाले तात्या टोपे यांचे, त्याचेही 'टी. टी. नगर' करून आपण मोकळे झालो.

येथवर हे सारे गमतीचे वाटेल. परंतु रेघ आणि मोजणी यांवर माणसाचे काय काय अवलंबून असते, हे या शहराने ज्या रीतीने पाहिले तसे दुसऱ्या कोणत्याही शहराने पाहिले नसेल. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री वायू पसरला, तेव्हा महापालिकेचे ५६ वॉर्ड होते. त्यांपैकी ३६ वॉर्ड वायुपीडित ठरविण्यात आले आणि २० वगळण्यात आले. १९९० पासून या ३६ वॉर्डांतील रहिवाशांना दरमहा दोनशे रुपये अंतरिम मदत मिळू लागली. वॉर्ड ही निवडणुकीच्या सोयीसाठी केलेली विभागणी. तिची रेघ एका रस्त्यावरून गेली, तर रस्त्याच्या या बाजूचा पीडित आणि त्या बाजूचा अपीडित. वाऱ्याला वॉर्ड कळत नाही. त्या रात्री स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेला प्रवासी कोणत्या वॉर्डाचा? लग्नासाठी परगावाहून आलेले वऱ्हाड कोणत्या वॉर्डाचे? जो कालपरवा झोपडी बांधून राहिला होता, त्याच्याजवळ शिधापत्रिका कोठून असणार?

आणि मोजणी? शेवटची जनगणना १९८१ ची. मधल्या पावणेचार वर्षांत शहर किती फुगले, त्या रात्री कारखान्याभोवती नेमकी किती माणसे निजली होती, याचे निश्चित उत्तर कोणाजवळही नव्हते. म्हणून मृतांची संख्याही एक राहिली नाही. आरंभीचा सरकारी आकडा २,२५९. पुढे भरपाईच्या हिशेबात मृत्यूचे दावे ५,२९५ मान्य झाले, आणि संघटनांचे आकडे याहून कितीतरी मोठे. एकूण दावे दहा लाखांहून अधिक नोंदले गेले. मंजूर झाले ते पावणेसहा लाखांच्या आसपास. अधिक भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. ज्यांचे नाव यादीत नव्हते, त्यांपैकी कोण खोटे होते आणि कोण केवळ कागदाविना होते, हे वेगळे करणे आता शक्य नाही. मी येथे कोणावर आरोप करीत नाही. यादी करणाऱ्यास कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. ती ओढताना हाताशी जी रेघ सापडली ती दुसऱ्याच कामाची होती, इतकेच मला म्हणावयाचे आहे.

आता नव्या रेघा पुन्हा निघत आहेत. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून पांढुर्णा जिल्हा झाला. मराठी बोलणाऱ्यांचा मुलूख, म्हणून आपणास तो जवळचा. २०२४ साली राज्याने प्रशासकीय एककांच्या पुनर्रचनेसाठी आयोग नेमला. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे झाली नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख जाहीर झाली. शिरगणती होण्यापूर्वी सीमा गोठवाव्या लागतात, नाहीतर मोजलेले माणूस कोणाच्या खाती टाकावयाचे याचाच घोळ होतो.

या जनगणनेत मातृभाषेचा एक रकाना असतो. मागे एकदा आमच्या घरी आलेल्या प्रगणक बाईंनी, त्याही शिक्षिकाच, दारात आमचे बोलणे हिंदीत झाले म्हणून न विचारताच 'हिंदी' लिहिले. मी नम्रपणे सांगितले तेव्हा त्यांनी हसून ते खोडले आणि 'मराठी' लिहिले. शेजारच्या मराठी घरी मात्र 'क्या फ़र्क़ पड़ता है' असे उत्तर मिळाले आणि 'हिंदी' कायम राहिले. फरक पडतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे सांगणारे संविधानाचे कलम ३५०-अ हेदेखील १९५६ सालचेच, ज्या वर्षी आमच्या पिढीच्या वडिलांनी नागपूर सोडले. ते कलम कोठे लागू करावयाचे, हे पाहताना जिल्ह्याचे भाषावार तक्ते काढले जातात, आणि ते तक्ते अशाच रकान्यांतून तयार होतात. मराठी वर्गाची पटसंख्या घटली म्हणून आपण हळहळतो. त्या तक्त्यात आपण स्वतःस कोठे घातले होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पुढच्या वेळी प्रगणकाच्या हाती कागदाऐवजी मोबाइल असेल, आणि इच्छा असल्यास आपली माहिती आपणच भरता येईल. आज येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे कोलारला, अवधपुरीला, होशंगाबाद रस्त्यावर आहेत. कित्येकांच्या घरी आजी मराठी बोलते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात. त्या रकान्यात नातवंडांपुढे काय लिहावयाचे, हे त्या घरांनीच आपसांत ठरवावयाचे आहे. माझ्या घरी यावर दोन मते आहेत आणि वाद अजून मिटलेला नाही.