चेंडू आणि कागद
(आलापल्ली येथील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज धडा नाही. आज एका सिनेमाची गोष्ट सांगतो. सिनेमाचे नाव 'झुंड'. तो मार्च २०२२ मध्ये लागला. नागराज मंजुळे यांनी तो काढला. मुख्य काम अमिताभ बच्चन यांचे आहे.

आम्ही घरची पाच माणसे तो बघायला चंद्रपूरला गेलो. तेव्हा एस.टी.चा संप चालू होता. म्हणून जीप ठरवली. आष्टीचा वैनगंगेचा पूल ओलांडला, गोंडपिपरी मागे पडली आणि दुपारी चंद्रपूर आले. वाटभर आमच्या घरची कुरकुर चालूच होती. "चेंडूमागं धावणारे पोट्टे पाहाले येवढ्या दूर काहून जाचं जी?" नात मात्र खूश. ती शाळेत कबड्डी खेळते.

ही गोष्ट मुळात खरी आहे बरे का. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे खेळाचे शिक्षक होते. एकदा पाऊस पडत होता. झोपडपट्टीतली पोरे एक फुटकी बादली पायाने उडवत होती. सरांनी ते पाहिले. हातात खरा चेंडू आला तर ही पोरे काय करतील, असे त्यांच्या मनात आले. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल सुरू केला. जगातल्या बेघर लोकांची एक फुटबॉल स्पर्धा असते. पुढे नागपूरची पोरे त्या स्पर्धेपर्यंत पोचली. सिनेमात सरांचे नाव बोराडे केले आहे.

सिनेमातली पोरे दारू पितात, चोऱ्या करतात. त्यांच्या तोंडी शिव्या आहेत. मास्तरकी केलेल्या माणसाला त्या टोचतात. पण पोरे खोटी वाटत नाहीत. वस्ती आणि कॉलेज यांच्यामध्ये एक भिंत आहे. पोरांची कॉलेजच्या मुलांशी मॅच होते, तेव्हा सगळे थेटर ओरडत होते. कुरकुर करणारी बाईसुद्धा खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती! सिनेमा तीन तासांचा आहे. थोडा कमी चालला असता. पण मॅच संपली तरी कोणी उठले नाही.

कारण खरी गोष्ट पुढेच आहे. पोरांना परदेशी खेळायला जायचे असते. त्यासाठी पासपोर्ट लागतो. पासपोर्ट म्हणजे दुसऱ्या देशात जाण्याचा सरकारी परवाना. त्या पोरांत एक आदिवासी मुलगी आहे, मोनिका. ती खेळते चांगली. पण तिच्याजवळ ओळखीचा कागद नाही. बाप तिला घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जातो. जो तो म्हणतो, आधी तो कागद आणा, मग हा देतो. माणूस समोर उभा आहे, तरी तो कोण आहे हे कागदाने सांगावे लागते.

इथे थेटर गप्प झाले. शेजारून आवाज आला, "त्या बापाले काहून येवढं फिरवून राह्यले जी?"

मंडळी, हा बाप आपल्या ओळखीचा आहे. मी हेडमास्तर असताना असे किती बाप शाळेत येत. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. आजोबा शाळेत गेले असतील, तर त्यात त्यांचे नाव, जात, जन्मतारीख सापडते. आदिवासींना जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. आता सांगा, तेव्हा या जंगलात शाळा होत्या तरी किती? आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर त्यांचे नाव रजिस्टरात कुठून येणार? मग जमिनीचे जुने कागद शोधायचे. तेही सगळ्यांकडे नसतात.

कागद असला तरी तो बरोबर असतोच असे नाही. पोर सोमवारी जन्मली म्हणून घरात सोमी. रेशन कार्डावर सोमाबाई, आधार कार्डावर आणखी काही. जन्मतारीख ठाऊक नसली, की कितीतरी गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. त्यामुळे कितीतरी लोक कागदावर एकाच दिवशी जन्मले! ज्याला वाचता येत नाही, त्याला हे कळणार कधी? साहेब कागद परत करतो, तेव्हा.

घरात बाळ जन्मले की २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेत नाव घालायला आणि पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागेल.

परतीच्या वाटेवर नातीने विचारले, "आजोबा, माझे कागद नीट आहेत ना?" घरी आल्यावर आम्ही पत्र्याची पेटी उघडली. सगळे कागद चटईवर मांडले. नातीने वाचायचे आणि आम्ही ऐकायचे. तिच्या आजीचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचे निघाले.

तेव्हा उद्या वर्गाला येताना घरचे दोन कागद आणा. रेशन कार्ड आणा, आधार कार्ड आणा. पाटी नको. तुमचे नाव दोन्हीवर कसे लिहिले आहे, ते तुम्हीच मोठ्याने वाचायचे. मी फक्त ऐकणार आहे.