आकडा आणि गिऱ्हाईक



या मानाला आपण कसे पात्र नाही, हे अध्यक्षाने आधी पाच मिनिटे सांगायचे अशी आपल्याकडे रीत आहे. ती पाच मिनिटे मी वाचवतो. जेवणाची वेळ जवळ आली आहे आणि खांडवीच्या फोडणीचा वास मंडपापर्यंत पोचला आहे.

सकाळपासून व्यापाऱ्यांच्या या अधिवेशनात फॉलोअर, डाउनलोड, रीच, रेटिंग हे शब्द पुष्कळदा ऐकले. गिऱ्हाइकाचे नाव त्या मानाने कमीच निघाले. म्हणून आकड्यांबद्दलच बोलतो, आणि उदाहरण याच बडोद्यातले घेतो.

20 जुलै 1908 रोजी बडोदा संस्थानचे राजे सयाजीराव महाराज यांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. संस्थानातल्या व्यापाराला आणि उद्योगाला भांडवल मिळावे, हा तिचा हेतू. त्याच बँकेला 10 ऑक्टोबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश दिला, की ‘बॉब वर्ल्ड’ या मोबाइल अॅपवर नवे ग्राहक घेणे ताबडतोब थांबवा. ग्राहकांना अॅपवर आणण्याच्या पद्धतीत गंभीर बाबी आढळल्या, हे कारण होते. त्याआधी जुलैमध्ये बातम्या येऊन गेल्या होत्या, की अॅपची नोंदणी फुगलेली दिसावी म्हणून काही ठिकाणी खातेदारांच्या खात्यांना भलत्याच लोकांचे मोबाइल नंबर जोडले गेले. बंदी उठली 8 मे 2024 रोजी. म्हणजे जवळजवळ सात महिने देशातल्या एका मोठ्या बँकेला स्वतःच्याच अॅपवर नवा माणूस घेता आला नाही.

बँकेची उणीदुणी काढायला मी उभा नाही. तुमच्यापैकी अनेकांची खाती तिथेच असतील. माझे लक्ष आहे ते असे घडते कसे, याकडे. वरून लक्ष्य येते, ते वाटले जाते, आणि शेवटी खिडकीवरच्या कारकुनाच्या गळ्यात पडते. त्याच्यासमोर पेन्शन घ्यायला आलेले आजोबा उभे असतात, खिशात साधा फोन. त्यांना शेजारी बसवून, घरातल्या कुणाला बोलावून, धीर देऊन अॅप शिकवायचे तर अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासाचा रकाना कोणत्याच तक्त्यात नसतो. नोंदणीचा रकाना मात्र संध्याकाळी भरून द्यावाच लागतो. मग रकाना भरतो आणि आजोबा जिथले तिथे राहतात. वरच्या मजल्यावर आलेख चढताना दिसतो, आणि तो चढतोय म्हणून कुणी खाली येऊन पाहतही नाही.

आपल्या दुकानांत याहून वेगळे काय चालते? ‘पाच तारे द्या, बिलात सूट घ्या’ ही पाटी काउंटरवर लावणारेही इथे बसले असतील. मी नावे विचारत नाही. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे छापावेत, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक काढले. विकत घेतलेल्या कौतुकाची साथ किती पसरली होती, ते यावरूनच कळावे. माझे साधे मत आहे: खोटा तारा आधी मालकालाच फसवतो. आपली सेव-उसळ पाणचट झाली, हे त्याला सर्वांत शेवटी कळते.

याच बडोद्यात एक उलटे उदाहरणही आहे. 1910 मध्ये महाराजांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे करून ते थांबले नाहीत. ज्या खेड्यात ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात, आणि वाचकाकडून त्याचे पैसे घेतले जात नसत. वाचकाची अडचण कुठे आहे, तर अंतरात आणि खर्चात. दोन्ही त्यांनी आपल्या अंगावर घेतले. आजच्या घरपोच सेवेच्या जाहिराती वाचताना मला त्या पेट्यांचा विचार येतो.

आता कुणी म्हणेल, पुण्याच्या मिठाईवाल्या चितळ्यांनी कुठे कुणाचे लाड केले? दुपारी एक ते चार दुकान बंद असायचे, आणि तरी रांग. खरे आहे. जुलै 2017 मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडे ठेवायला सुरुवात केली, तर तीच मोठी बातमी झाली, लोकांनी मोबाइलवर विनोदांचा पाऊस पाडला. पण लोकांनी ती बंद दुपार सोसली, कारण बाकरवडी दर वेळी तशीच मिळत होती. आपल्यातले काहीजण फक्त कडकपणा उचलतात आणि बाकरवडी विसरतात. शिवाय तेव्हा दार बंद दिसले की गिऱ्हाईक चारला परत येई. आता ते पायरीवर उभ्याउभ्या दुसरीकडे ऑर्डर टाकते.

कायद्याकडेही लक्ष ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि निवारण महिन्याभरात करायचे आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने फसव्या मांडणीचे 13 प्रकार निषिद्ध ठरवले: ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई, न मागता टोपलीत टाकलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे जादा शुल्क, सुरू करायला एक बटण आणि बंद करायला भूलभुलैया असलेली वर्गणी. वेबसाइट बनवून देणारा तरुण म्हणेल, सगळे असेच करतात. बनवणारा तो असला, तरी दुकानाची पाटी तुमच्या नावाची आहे.

या अधिवेशनाकडे माझे एकच मागणे आहे. घरी गेल्यावर घरातल्या वयाने मोठ्या माणसाच्या हातात फोन द्या आणि त्यांना तुमच्याच दुकानातून एक वस्तू मागवायला, मग ती परत करायला सांगा. मध्ये बोलू नका, बोट दाखवू नका. मराठीत किंवा गुजरातीत दाद मागायला एक जिवंत माणूस त्यांना सापडतो का, एवढे पाहा. नाही सापडला, तर पुढच्या महिन्याच्या जाहिरातीचा खर्च थांबवा आणि त्या पैशांत तो माणूस नेमा.