छायाचित्रवाचकाचें मुलकी जीवन

युद्धांत विमानांतून बाँब टाकतात हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु तो बाँब कोठें टाकावयाचा हें ज्यांच्या वाचनावर ठरतें, त्या माणसांविषयीं सामान्य कुटुंबांत फारशी माहिती नसते. उंचावरून उडणाऱ्या विमानानें शत्रूच्या प्रदेशाचीं छायाचित्रें घ्यावयाचीं आणि टेबलाशीं बसलेल्या मनुष्यानें तीं भिंगाखालीं ग्रंथाप्रमाणें वाचावयाचीं, ही एक स्वतंत्र विद्या आहे. या विद्येंत निष्णात झालेला मनुष्य गणवेश उतरवल्यावर काय करतो, आणि शत्रूचें गुपित हुडकण्यांत तयार झालेली त्याची नजर समाजाच्या कोणत्या उपयोगीं पडते, हा प्रश्न प्रथमदर्शनीं वाटतो त्याहून अधिक व्यापक आहे.

दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमधील या कामाचें केंद्र थेम्स नदीच्या कांठीं मेडमनहॅम येथें, डेन्सफील्ड हाउस नांवाच्या एका मोठ्या वाड्यांत होतें. १९४१ पासून तेथें रात्रंदिवस काम चाले. विमान परत येतांच चित्रांचें पहिलें वाचन कांहीं तासांत होई, दुसरें चोवीस तासांच्या आंत, आणि तिसरें विमानें, जहाजें, कारखाने अशा एकेका विषयाला वाहिलेल्या विभागांत, सावकाश व सूक्ष्म रीतीनें. लागोपाठच्या दोन चित्रांत सुमारें साठ टक्के भूभाग समान यावा अशा बेतानें चित्रें घेतलेलीं असत. अशी जोडी स्टिरिओस्कोप या दुहेरी भिंगाच्या यंत्राखालीं ठेवली कीं सपाट कागदावरील घरें, झाडें व धुरांडीं उभीं राहिल्यासारखीं दिसूं लागत. सावलीच्या लांबीवरून उंची काढावी, चित्राच्या प्रमाणावरून लांबीरुंदी मोजावी, आणि मुख्य म्हणजे कालच्या चित्राशीं आजचें चित्र ताडून काय बदललें तें पाहावें, ही या विद्येची बाराखडी होय.

बाल्टिक समुद्राकांठच्या पेनेमुंडे येथील, २८ नोव्हेंबर १९४३ रोजीं घेतलेल्या एका चित्रांत कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या महिला अधिकाऱ्यास, चढत्या पट्टीवर ठेवलेलें एक चिमुकलें विमान दिसलें. जून १९४४ पासून लंडनवर येऊन आदळूं लागलेला, वैमानिकावांचून उडणारा बाँब तो हाच. ही गोष्ट केवळ तीक्ष्ण डोळ्यांची नव्हती. युद्धापूर्वीं बॅबिंग्टन स्मिथ विमानविषयक नियतकालिकांत लिहीत असत; विमान म्हणजे काय, तें कसें उभें असतें, कसें असूं शकत नाहीं, हें त्यांस आधींच अवगत होतें. डोळ्यानें ठिपका पाहिला. पण त्या ठिपक्याला अर्थ दिला तो पूर्वज्ञानानें.

युद्ध संपल्यावर अशा लोकांपुढें पहिली अडचण उभी राहिली ती मौनाची. शिपायाला आपली लढाई सांगतां येते, डॉक्टरला आपले रोगी सांगतां येतात. छायाचित्रवाचकाचें सर्वोत्तम काम मात्र कुलुपांत राहतें. नोकरीच्या अर्जांत चार-पांच वर्षांचा काळ असतो, आणि त्या काळांत नेमकें काय केलें हें लिहिण्याची मुभा नसते. बॅबिंग्टन स्मिथ यांना १९४६ सालीं अमेरिकेंतील 'लाइफ' या साप्ताहिकांत काम मिळालें. परंतु मेडमनहॅमची हकीकत सांगणारें त्यांचें 'एव्हिडन्स इन कॅमेरा' हें पुस्तक प्रसिद्ध झालें तें त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं. म्हणून या पेशांतून बाहेर पडणाऱ्याला आपल्या कामाचा विषय बाजूस ठेवून त्यांतील कौशल्य तेवढें निराळें काढून सांगावें लागतें: अपुऱ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढणें, मोजमाप करणें, बदल टिपणें, आणि ठराविक वेळांत चार ओळींचा स्वच्छ अहवाल लिहिणें. हें सांगण्यांत कोणत्याहि गुपिताचा भंग होत नाहीं, आणि मुलकी मालकाला हवें असतें तेंहि हेंच.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नजर एकटी पोट भरत नाहीं; तिला जमिनीवरचा एखादा विषय जोडून द्यावा लागतो. ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांचें उदाहरण या बाबतींत पहिलें म्हणावें लागेल. पहिल्या महायुद्धांत ते विमानांतून टेहळणी करीत असत. १९१८ सालीं त्यांचें विमान पाडलें गेलें आणि ते जर्मनांच्या कैदेंत पडले. १९२० सालीं ब्रिटनच्या सरकारी भूमापन खात्यांत पुराणवस्तूंसाठीं नेमलेले ते पहिले अधिकारी झाले. पुढें हवाई दलानें सरावासाठीं घेतलेलीं चित्रें पाहतां पाहतां त्यांना शेतांत विलक्षण रेषा दिसूं लागल्या. पुरलेल्या खंदकावर माती खोल व ओलसर असते, म्हणून तेथलें पीक उंच व हिरवें वाढतें. पुरलेल्या भिंतीवर तें खुरटतें. जमिनीवर उभ्या असलेल्या मनुष्यास न दिसणारा हा नकाशा आकाशांतून स्पष्ट होतो. अशाच चित्रांवरून १९२३ सालीं स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाकडे जाणाऱ्या मार्गाचा हरवलेला भाग त्यांनीं दाखवून दिला. नजर तीच होती. प्रश्न मात्र बदलला होता. शत्रूनें काय लपविलें आहे, याऐवजीं काळानें काय लपविलें आहे, असा तो झाला.

दुसऱ्या महायुद्धांत हा मार्ग अधिक रुंद झाला. केंब्रिजच्या प्राध्यापिका डॉरोथी गॅरड यांनीं १९४२ ते १९४५ पर्यंत मेडमनहॅम येथें काम केलें आणि मग त्या आपल्या अध्यासनावर परतल्या. ग्लिन डॅनियल आणि स्टुअर्ट पिगॉट हे दोघे संशोधक तर याच कामासाठीं हिंदुस्थानांत आले होते. दिवसां लष्कराचीं चित्रें वाचणाऱ्या पिगॉट यांनीं येथील प्राचीन संस्कृतीचा अभ्यास मांडला. १९४६ सालीं त्यांना एडिंबरो विद्यापीठांत अध्यासन मिळालें आणि १९५० सालीं त्यांचा 'प्रीहिस्टॉरिक इंडिया' हा ग्रंथ निघाला. डॅनियल पुढें केंब्रिज येथें प्राध्यापक झाले व दूरदर्शनवरहि लोकप्रिय ठरले. या सर्वांच्या यशांत एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. त्यांच्यापाशीं युद्धापूर्वींच एक विद्या होती. लष्करानें तिला केवळ नवी धार लावली. ज्या तरुणाला लष्करानें पहिला धडा दिला आणि ज्याच्यापाशीं दुसरा विषय नाहीं, त्याची वाट निश्चितच बिकट असते.

अशा तरुणानें काय करावें, याचें उत्तर अमेरिकेंतील रॉबर्ट कोलवेल यांच्या चरित्रांत सांपडतें. वनस्पतिशास्त्राचें शिक्षण घेतलेले कोलवेल युद्धकाळांत नौदलाचे छायाचित्रवाचक होते. त्या युद्धांत एक विशेष फिल्म वापरांत आली होती. जिवंत पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परावर्तित करतें. तोडून वाळत चाललेली फांदी किंवा हिरवा रंग दिलेलें कापड तसें करीत नाहीं. त्यामुळें तोफांवर घातलेलें खोटें आच्छादन या फिल्मवर उघडें पडे. युद्धानंतर कोलवेल यांनीं विद्यापीठांत वनशास्त्र शिकवितांना हाच गुण रोग ओळखण्यास लावला, आणि आकाशांतून धान्याच्या पिकांवरील रोगांचा प्रसार कसा समजतो याविषयींचा त्यांचा निबंध १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. जी फिल्म तोफ हुडकीत होती ती आतां रोगट पीक हुडकूं लागली. परंतु ही किमया फिल्मची नव्हे; पान कां सुकतें हें ज्यास कळत होतें त्या मनुष्याची होती. शेती, जंगल, पाणी, खाणी, नगररचना, यांपैकीं एक विषय नेटानें शिकणें हाच त्या तरुणाचा खरा दुसरा प्रवेश होय.

लष्करी आणि मुलकी कामांत स्वभावाचाहि भेद आहे. रणांगणावर शत्रूच्या मुलखांत जाऊन पडताळा पाहतां येत नाहीं. चित्रावरच विसंबावें लागतें. मुलकी जीवनांत मात्र तेथें जातां येतें, आणि म्हणून जावेंच लागतें. चित्रांत पिवळें दिसणारें शेत रोगानें पिवळें आहे कीं पाण्यावांचून, कीं तेथें कापणीच झाली आहे, हें बांधावर जाऊन शेतकऱ्याला विचारल्यावांचून निश्चित होत नाहीं. ज्याला हुकुमाच्या भाषेची संवय झाली आहे, त्याला हें विचारणें प्रारंभीं कमीपणाचें वाटतें. पण तेंच त्याचें खरें नवें शिक्षण असतें.

आज या पेशाचीं साधनेंहि बदललीं आहेत. १९६० ते १९७२ या काळांत अमेरिकेच्या 'कोरोना' हेर-उपग्रहांनीं घेतलेलीं आठ लक्षांहून अधिक चित्रें १९९५ सालीं खुलीं झालीं, आणि आतां धरणांखालीं बुडालेल्या किंवा नांगराखालीं गेलेल्या प्राचीन वसाहती त्यांत शोधल्या जातात. भारतांत डेहराडून येथें १९६६ सालीं छायाचित्रवाचनाची संस्था नेदरलँड्सच्या सहकार्यानें स्थापन झाली. तीच आज भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून ओळखली जाते. मार्च १९८८ मध्यें आय.आर.एस.-१ए हा भारताचा दूरसंवेदन उपग्रह आकाशांत गेला, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्र शासनाचें या विषयाचें केंद्र नागपूर येथें सुरू झालें. ठिपके मोजण्याचें कष्टाचें काम आतां पुष्कळसें संगणक करतो. त्यामुळें केवळ मोजणाऱ्याची किंमत उतरली आहे. परंतु मोजलेल्या आंकड्याचा अर्थ काय आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, हें सांगणाऱ्याची वाढली आहे.

आणि येथेंच लष्करानें दिलेली सर्वांत मोलाची शिस्त कामास येते. चांगला वाचक आपल्या अहवालांत निश्चित काय, संभवनीय काय आणि केवळ शक्य काय, हे तीन प्रकार कधींहि एकत्र होऊं देत नाहीं. युद्धांत या शब्दांवर माणसांचे प्राण अवलंबून असत. शांततेंत त्यांवर पुराच्या नुकसानीची भरपाई, जंगलाची हद्द, एखाद्या गांवाच्या पाण्याची योजना अवलंबून असते. भरपाईच्या यादींतून एक शेत चुकून गळलें तर त्याचा आवाज कोठेंहि होत नाहीं. पण त्या घरांतील वर्षाचें धान्य जातें. ज्या वाचकानें हें ध्यानांत ठेवून 'शक्य' या शब्दाच्या जागीं 'निश्चित' हा शब्द कधींच घातला नाहीं, त्यानें गणवेश उतरवला तरी सेवा सोडली असें म्हणतां येणार नाहीं.