कारमध्ये सबवूफर बसवताय? आधी बॅटरीजवळचा फ्यूज बघा

(या भागात जे बोललो ते जवळजवळ तसंच इथे उतरवलंय. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून लेखी रूप.)

आजचा विषय गाडीतला सबवूफर. पण सुरुवात आवाजापासून नाही, वासापासून करतो.

डिसेंबरातली गोष्ट. मी आणि माझा मामेभाऊ रात्री कर्जतहून राशीनमार्गे भिगवणला निघालो होतो. आमचं कर्जत म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, लोकल ट्रेनचं नव्हे. त्याच्या जुन्या हॅचबॅकमध्ये आठवड्यापूर्वीच 12 इंची वूफर बसवून घेतला होता. मला फोन आला म्हणून त्यानं गाणी बंद केली होती. राशीन मागे पडलं आणि जळक्या रबराचा वास सुरू झाला. आधी वाटलं, क्लच असेल. मग ड्रायव्हरच्या दाराशी, मॅटिंगखालून धूर.

"दादा, सिस्टीम बंदच आहे की! मग धूर कशाचा?"

गाडी कडेला घेतली, किल्ली काढली. धूर येतोच आहे. बॅटरीचं टर्मिनल काढायला 10 नंबरचा पाना पाहिजे. पाना टूलकिटमध्ये, टूलकिट स्टेपनीशेजारी, आणि त्याच्यावर वूफरचा खोका. नशीब चांगलं, मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरकडे पाना होता. टर्मिनल निघालं, धूर थांबला.

दुसऱ्या दिवशी मॅटिंग उचलून बघितलं. बॅटरीपासून मागे जाणारी लाल वायर इंजिनमागच्या पत्र्याच्या भोकातून नुसती ओढलेली. रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेवर घासून वायरचं कव्हर गेलेलं, आणि वायर बॉडीला अधूनमधून टेकत होती. पूर्ण चिकटली असती तर आज मी हा भाग वेगळ्या सुरात केला असता. फ्यूज? होता. पण मागे, ॲम्प्लिफायरवर. बॅटरीपाशी काहीच नाही. ज्यानं बसवलं त्याला विचारलं तर म्हणाला, "ॲम्प्लिफायरला फ्यूज आहे ना, अजून कशाला?"

आजचा सगळा भाग या प्रश्नाचं उत्तर आहे.

बारा व्होल्टनं काय होतंय?

हे वाक्य आपल्याकडे सगळे म्हणतात. शॉक बसत नाही हे खरं. पण आग व्होल्टवर नाही, ॲम्पिअरवर लागते. हिशोब करा. 1000 वॉटची वस्तू घरातल्या 230 व्होल्टवर साधारण साडेचार ॲम्पिअर खेचते. तीच गाडीच्या 12 व्होल्टवर 83 ॲम्पिअर खेचते. आणि वायर बॉडीला टेकली तर साधी कारची बॅटरी क्षणात कित्येकशे ॲम्पिअर सोडते. पातळ वायर लाल व्हायला तेवढं पुष्कळ.

ज्यांच्याकडे विहिरीवर मोटर आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. लांबवर बारीक केबल टाकली की मोटर घरघरते, पाणी कमी येतं, केबल गरम होते. आणि डीपीवर फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार गुंडाळतं, तेव्हा पुढे काय होतं तेही आपण बघितलंय. गाडीतही तेच शास्त्र.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीजवळचा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो. तो वायरला वाचवण्यासाठी असतो. बॅटरीपासून बूटपर्यंत चार-पाच मीटर वायर जाते, आणि सिस्टीम बंद असो, किल्ली खिशात असो, ती वायर कायम जिवंत असते. ती मधे कुठे कापली गेली तर करंट बॅटरीतून निघून त्या जागेवरून थेट बॉडीत जातो. मागच्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. जितका जवळ तितका चांगला.

किती वॉट, किती वायर

खोक्यावर लिहिलेले 3000 वॉट विसरा. ते 'मॅक्स' किंवा 'पीक' असतात. बघायचा आकडा आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद. तोही खरा आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. ॲम्प्लिफायरवरचे फ्यूज बघा. समजा 25-25 ॲम्पिअरचे दोन आहेत. म्हणजे तो फार तर 50 ॲम्पिअर घेणार. 50 गुणिले 13.8 व्होल्ट म्हणजे 690 वॉट. त्यातले साधारण 20 टक्के उष्णतेत जातात. उरले 550. मग वर 3000 छापा नाहीतर 5000.

उलटा हिशोब असा. क्लास डी ॲम्प्लिफायर सुमारे 80 टक्के कार्यक्षम धरा. 300 वॉट आरएमएससाठी 27 ॲम्पिअर. 500 वॉटसाठी 45 ॲम्पिअर. जुन्या पद्धतीचा क्लास एबी असेल तर 300 वॉटलाच 40 ॲम्पिअर जातात.

आता वायर. 300 वॉटपर्यंत 8 गेज तांब्याची वायर आणि 40 ॲम्पिअरचा फ्यूज. 500 वॉटला 4 गेज तांबं आणि 60 ॲम्पिअरचा फ्यूज. नियम एवढाच की फ्यूज ॲम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा थोडा मोठा हवा, पण वायरच्या कुवतीपेक्षा कधीच मोठा नको. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकू नका. तो का उडाला ते शोधा.

बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा सीसीए वायर येते. म्हणजे आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ब्लेडनं एक तार खरवडा. आतून चंदेरी निघाली तर समजून जा. ती तांब्यापेक्षा बरीच कमी करंट नेते, त्यामुळे तीच वापरायची असेल तर दोन गेज जाड घ्या. आणि वायर खूप जाड दिसली म्हणून खूश होऊ नका. कधीकधी नुसतं प्लॅस्टिकच जाड असतं.

"दिवे नाचतात म्हणून कपॅसिटर लावू का?" असं खूप जण विचारतात. 1 फॅरडचा कपॅसिटर 13.8 वरून 12.8 व्होल्टवर येताना सुमारे 13 ज्यूल देतो. 500 वॉटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना ते एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपवतो. वीज कपॅसिटर बनवत नाही, अल्टरनेटर बनवतो. छोट्या गाड्यांत तो बहुधा 70 ते 90 ॲम्पिअरचा असतो, आणि त्यातच एसी, हेडलाइट, पंखा सगळं भागवायचं असतं. गाडी उभी असताना तर तो त्याहून खूप कमी देतो. म्हणून साध्या हॅचबॅकला 300 ते 500 वॉट आरएमएस, इथेच थांबा.

बसवताना उभं राहून बघा

मेकॅनिककडे गाडी टाकून चहाला जाऊ नका. या गोष्टी समोर उभं राहून बघा.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट.

पत्र्यातून वायर नेताना ग्रोमेट हवंच. बॉनेटखाली वायरला वरून पन्हळी पाइप घाला. स्टिअरिंग आणि पेडलपासून ती लांब ठेवा.

अर्थिंगची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आत. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट करा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. आणि ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून बघा. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. सीएनजी असेल तर सिलिंडर, त्याचा स्टँड आणि पाइप यांना हात लावायचा नाही.

रिमोटची बारीक वायर स्टिरिओच्या रिमोट आउटपुटलाच जोडा. कायम चालू लाइनला जोडली तर सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते.

आणि कंपनीची वायरिंग कापण्याआधी वॉरंटीचे नियम वाचा. विमा कंपनीला ही ॲक्सेसरी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या. नाहीतर काही झाल्यावर वाद घालत बसावं लागतं.

आता खोका

मोठा वूफर म्हणजे मोठा आवाज, असं नसतं. आवाज वूफर आणि खोका मिळून करतात. हे गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं. वूफरच्या कागदावर जे 'थील-स्मॉल पॅरामीटर' छापलेले असतात ते यांच्याच नावाचे. त्या कागदावर खोका किती लिटरचा हवा हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नका.

सील्ड खोका, म्हणजे सगळीकडून बंद. आतली हवा स्प्रिंगसारखी कोन आवरून धरते. ठोका स्वच्छ येतो, रेंगाळत नाही. ढोलकी, पखवाज, अभंग, रॅप, जुनी गाणी ऐकत असाल तर हाच घ्या. 12 इंचीला साधारण 28 ते 35 लिटर लागतात, 10 इंचीला 17 ते 22. गावातला सुतारही बनवून देईल. 18 मिलिमीटरचं एमडीएफ, आतून 35 बाय 35 बाय 28 सेंटिमीटर, म्हणजे 34 लिटर. वूफरनं व्यापलेली जागा वजा केली की 31 उरतात. सांधे मात्र हवाबंद हवेत.

पोर्टेड खोका, म्हणजे हवा जायला मोजून केलेली नळी. नळी ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केलीय, समजा 35 हर्ट्झ, तिच्या आसपास त्याच वॉटमध्ये साधारण 3 डेसिबल जास्त मिळू शकतात. ॲम्प्लिफायर दुप्पट केल्यासारखंच, पण वायरवर एक ॲम्पिअरही न वाढवता! बदल्यात जागा जवळपास दुप्पट लागते. 12 इंचीला 50 ते 60 लिटर. आणि ट्यूनिंगच्या खालच्या आवाजाला कोनला आवरायला हवेचा आधार राहत नाही, तो बेफाम हलतो. म्हणून ॲम्प्लिफायरवरचा सबसोनिक फिल्टर ट्यूनिंगच्या थोडा खाली लावायचाच. आणि अंदाजानं भोक पाडलं म्हणजे खोका पोर्टेड होत नाही. नळीची रुंदी आणि लांबी मोजूनच हवी.

तिसरा प्रकार सीटखालचा ॲक्टिव्ह वूफर. बहुधा 8 इंची, ॲम्प्लिफायर आतच. बूट मोकळा राहतो, शेतमालाची गोणी बसते. घरच्या गाडीला हा पुरेसा आहे. पण यालाही वायर बॅटरीवरूनच आणि फ्यूज बॅटरीजवळच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरून नाही.

खोका कुठलाही घ्या, तो बोल्टनं किंवा पट्ट्यानं बांधा. 20 किलोचा खोका ताशी 60 किलोमीटरवर असताना गाडी धडकली तर त्याच्यात 14 मीटरवरून पडल्याइतकी ताकद असते. म्हणजे चौथ्या मजल्यावरून. आणि त्याच्या पुढे मागच्या सीटवर कोण बसतं? आई, आजी, लहान पोरं.

शेवटची सेटिंग. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नाही. जास्त वाढवला की आवाज फाटतो आणि वूफरची कॉइल जळते. मल्टिमीटर घ्या. 4 ओहमच्या वूफरला 250 वॉट द्यायचे असतील तर स्पीकर सोडवून, बास बूस्ट शून्यावर ठेवून, 50 हर्ट्झचा टोन लावा. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून आउटपुट एसी 31 ते 32 व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा. तिथे थांबा. लो-पास 80 हर्ट्झच्या आसपास. आणि ॲम्प्लिफायर किती ओहमपर्यंत चालतो ते वाचा. 4 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या तर 2 ओहम होतात, एकामागे एक जोडल्या तर 8.

मग टेस्ट करा 'सैराट'च्या गाण्यांनी. आपल्या शेजारच्या करमाळ्याच्या मातीतला सिनेमा. ताल वेगळा ऐकू आला पाहिजे, वाद्यवृंद वेगळा. नुसतं धुमधुम झालं तर सेटिंग चुकलं. आणि काचा खाली करून गावातून रात्री 10 नंतर टेस्ट नको. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, आणि नियम नसते तरी आपली आजीही झोपलेली असतेच.

मामेभावाच्या गाडीचं काय झालं? वूफर तोच आहे. वायर तांब्याची, ग्रोमेट, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, आणि सील्ड खोका बोल्ट केलेला. वूफरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. तो परवा म्हणाला, "दादा, आवाज पहिल्यापेक्षा भारी झाला." अजून एक बदल केलाय. 10 नंबरचा पाना आता ड्रायव्हरच्या दाराच्या खणात असतो.

तुमच्या गाडीत आधीच सिस्टीम असेल तर एवढंच करा. आज बॉनेट उघडा. पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघणारी जादा वायर शोधा आणि तिच्यावर बोट फिरवत पुढे जा. हातभर अंतरात फ्यूज सापडला तर मजेत गाणी लावा. नाही सापडला तर तो बसेपर्यंत ती वायर बॅटरीवरून काढून ठेवा.

प्रश्न पाठवा. गाडीचं मॉडेल आणि ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजचा फोटो सोबत असू द्या. भेटू पुढच्या भागात.